बोटं मोडायची ती मायेनं की रागानं?

पोयबावडीकर
मंडळी, गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. कोळीनृत्य. साडी, गजरा, चापाची नथ, सगळा साज. निघताना माझ्या आईनं तिला उंबऱ्यातच अडवलं, दोन्ही हात तिच्या तोंडावरून खाली आणले, मुठी स्वतःच्या कानशिलांवर दाबल्या आणि कडाकडा बोटं मोडली. "माझीच दृष्ट लागायची गं बाय." पोर खूश.

संध्याकाळी सहाला पाणी आलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नेहमीप्रमाणे मोटर लावली. आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. आई गॅलरीत गेली, वर बघितलं आणि पुन्हा कडाकडा बोटं मोडली. पुढची वाक्यं इथे लिहिली तर ॲडमिन धागा उडवतील.

लेक नथ सांभाळत म्हणाली, "आजी, तू त्यांची पण दृष्ट काढलीस?"

मी गप्प बसलो, कारण मलाच उत्तर माहीत नाही. तीच बोटं, तोच आवाज. एकदा माया, एकदा शिव्याशाप. असं कसं? आणि हे सोडून, रोज तोंडात असणाऱ्या आणखी कुठल्या शब्दांचं, हातवाऱ्यांचं मूळ ऐकून तुम्ही चाट पडलात? येऊ द्या.

शंकेखोर
'नावानं बोटं मोडणे' हा वाक्प्रचारच आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रकाराला तक्रार नाही. "अशीच तुझी हाडं मोडोत" एवढा सरळ हिशेब. पहिल्याचं मूळ कुणी सांगितलं तर वाचायला आवडेल. फक्त व्हॉट्सॲपवरून उचलून आणू नका, हात जोडतो.

आजी_ऑनलाइन
दोन्हींत फरक आहे हो. आईलाच विचार, मी सांगितलं तर मजा जाईल.

लिंबूटिंबू
वाचतोय. माझ्याकडून चौदावं रत्न. आमचे बाबा पट्टी हातात घेऊन "दाखवू का चौदावं रत्न?" म्हणायचे. समुद्रमंथनातून निघालेलं चौदावं रत्न म्हणजे चाबूक असावा अशी माझी बारावीपर्यंत ठाम समजूत होती.

दादरची_वैनी
लिंबूटिंबू, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण याचं उत्तर मला अक्षता हातात असताना मिळालं. परवा पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, माइक जरुरीपेक्षा मोठा, पुढे उभ्या असलेल्या मावशींचा अंबाडा माझ्या नाकाशी. 'लक्ष्मीः कौस्तुभ पारिजातक सुरा' सुरू झालं आणि मी आपली बोटांवर मोजायला लागले. लक्ष्मी, कौस्तुभ, पारिजातक, सुरा, धन्वंतरी, चंद्र, कामधेनू, ऐरावत, रंभा वगैरे अप्सरा, सात तोंडांचा घोडा, विष, हरीचं धनुष्य, शंख. झाले तेरा. आणि चौदावं काय? 'शंखोऽमृतं चांबुधे'. अमृत!

म्हणजे वडील पट्टी घेऊन अमृत पाजायला बोलवत होते. ही आपल्या लोकांची उपरोधाची पद्धत आहे, 'प्रसाद दिला'सारखी. मोजण्याच्या नादात 'सावधान'ला अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

पेठेतला
अक्षतांवरून आठवलं. 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' म्हणजे गोड बोलून वाटेला लावणे. हळदीकुंकवात भिजवलेला तांदळाचा दाणा कपाळावरच्या ओल्या गंधाला चिकटून बसतो. वाटाणा लावून बघा. टप्पे खात खाली. लावल्यासारखं केलं आणि लागलं काहीच नाही, असा नेमका अर्थ. ज्याला पहिल्यांदा हे सुचलं त्याला माझा दंडवत.

कसारा_लोकल
धागाकर्ते, हातवाऱ्यांचं विचारलंत म्हणून. मला दर वेळी नवल वाटतं ते चुकून पाय लागल्यावर होणाऱ्या नमस्काराचं. सकाळची कल्याणची गर्दी, खांद्याला खांदा, हात वर करायला जागा नाही. तरी समोरच्याच्या बॅगेला बूट लागला की माणूस कसाबसा दोन बोटं खाली नेतो, बॅगेला लावतो आणि मग स्वतःच्या छातीला. ज्याची बॅग आहे त्याला कळतही नाही. त्याच माणसानं तीन मिनिटांपूर्वी चौथ्या सीटसाठी कुणाच्या तरी सात पिढ्या उद्धरलेल्या असतात.

लिंबूटिंबू
+१. आणि गाडीत चढताना दांड्याला हात लावून कपाळाला लावणारे. त्यांच्या धक्क्यानं मी दोनदा उतरलोय, माझं स्टेशन नसताना.

मोडीवाला
इतिहासाकडे वळू या. 'ध चा मा करणे' सगळ्यांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, वय जेमतेम अठरा. 'नारायणरावांस धरावे' या हुकुमात आनंदीबाईंनी 'मारावे' केलं अशी कथा. गंमत बघा, वाक्प्रचार 'ध चा म' असा नाही, 'ध चा मा' असा आहे. नुसतं अक्षर बदलून 'मरावे' झालं असतं. काना जोडावा लागतो. लोकांच्या तोंडात शुद्धलेखन इतकं बारकाईनं टिकलंय!

बाकी रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबांवर. वाक्प्रचारात मात्र शिक्षा आनंदीबाईंना झाली आणि ती अजून भोगतायत. राघोबांच्या वाट्याला आलं 'अटकेपार झेंडे', १७५८ च्या मोहिमेचं. भाषेतही पुरुषांची सोय बघितली जाते.

दादरची_वैनी
मोडीवाला, शेवटच्या वाक्याला टाळी.

पेठेतला
'कात्रजचा घाट दाखवणे' राहिलं की. १६६३, लाल महाल, शाएस्तेखान. महाराज सिंहगडाकडे निघाले आणि बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या बाजूला पिटाळले. मोगल दिव्यांच्या मागे गेले, अशी सांगण्यातली गोष्ट. आजकाल ते काम पुण्यातले रिक्षावाले बिनपलित्याचं करतात.

खोतवाडी
इतिहास निघालाच आहे तर मोठा मासा घ्या की. 'संक्रांत कोसळणे'. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, संक्रांतीच्या दिवशी. तेव्हापासून मराठी माणसाला संक्रांत म्हणजे संकट. आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं आणि सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता.

शंकेखोर
खोतवाडी, मास्तरांचा गळा खरा, हिशेब चुकला.

संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश. आपलं पंचांग नक्षत्रांवरून वर्ष मोजतं आणि ते वर्ष इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. त्यामुळे साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. मग मागे जा. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, हे सगळे सांगतात. तारीख? १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात तर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. संक्रांत त्याआधी तीन-चार दिवस होऊन गेली होती.

आणि संक्रांतीची भीती पानिपतामुळे आलेली नाही. पंचांग उघडा. संक्रांत ही देवता दर वर्षी कुठल्या तरी वाहनावर बसून येते, कुठलं तरी वस्त्र नेसते, एका दिशेकडून येते, दुसरीकडे बघते. जिकडे बघेल तिथे नाश आणि ती जे वापरेल ते महागणार. हे फळ लोक दर वर्षी ऐकत होते. 'तुझ्यावर संक्रांत आली' म्हणायला पानिपताची गरजच नाही.

खोतवाडी
अहो पण पेपरात दर वर्षी येतं!

शंकेखोर
पेपर छापणाऱ्यांनाही बहुतेक तेच मास्तर होते.

मोडीवाला
शंकेखोर बरोबर बोलतायत. पण पानिपताची म्हणून सांगता येणारी एक गोष्ट भाषेत आहे, आणि ती संक्रांतीपेक्षा जास्त टोचते. "विश्वास? विश्वास तर पानिपतात गेला." नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव तिथे पडला. त्या नावावरची ही कोटी अडीचशे वर्षं टिकलीय. दुसरी कुठलीही जमात इतक्या मोठ्या दुःखावर कोटी करून ती नातवंडांपर्यंत पोचवत नसेल.

आणि ते पत्र. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. सराफी भाषेत लिहिलेली पराभवाची बातमी. चार दिवसांपूर्वी संक्रांत झाली तेव्हा छावणीत तीळ सोडा, दाणागोटासुद्धा संपत आला होता.

कसारा_लोकल
वाचून क्षणभर गप्प झालो. कळव्याच्या खाडीवर गाडी थांबलीय, त्यामुळे वेळ आहे.

मशीदबंदर
पैशाची भाषा आली म्हणून बोलतो. आमची पेढी तीन पिढ्यांची, शब्दांचा माल आमच्याकडे भरपूर.

'दिवाळं निघणे'. लोकांना वाटतं दिवाळीच्या खर्चानं वाजतं ते दिवाळं. तसं नाही. देणी फेडता येत नाहीत अशी वेळ आली की व्यापारी गादी उलटवायचा आणि भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा. उन्हात जळणारा दिवा बघितला की बाजारानं समजायचं, ही पेढी बसली. त्या दिव्याचं दिवाळं. मला हे आजोबांनी सांगितलं तेव्हा लाइट गेली होती आणि मी दुकानात मेणबत्ती लावत होतो. फटका मिळाला.

'सोळा आणे खरं'. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आणा गेला. २०११ च्या जूनअखेर चार आणेसुद्धा बाद. पण आमच्याकडे अजूनही 'पै न पै' वसूल होते, 'दिडकीची अक्कल' नसते आणि लोक 'दमडी' देत नाहीत. नाणी गेली, उधारी राहिली.

लिंबूटिंबू
मग 'अठरा विश्वे दारिद्र्य' पण पैशातलंच का? अठरा विश्वं म्हणजे अठरा ब्रह्मांडांत गरिबी असं मी समजत होतो. फार भव्य वाटायचं.

पेठेतला
विश्व नाही, वीस. अठरा विसे म्हणजे अठरा गुणिले वीस, तीनशे साठ. वर्षाचे तीनशे साठही दिवस गरिबी. आजीचा हिशेब.

मशीदबंदर
नाही पटत. 'विसवा' हे जमिनीचं माप आहे, बिघ्याचा विसावा हिस्सा. वीस विसवे म्हणजे पुरं, सोळा आण्यांसारखं. अठरा विसवे म्हणजे विसातले अठरा. जवळपास पुरतं दारिद्र्य, दोन विसव्यांची आशा शिल्लक.

पेठेतला
दारिद्र्यात सूट कोण देतं हो? तीनशे साठ.

मशीदबंदर
व्यापारी देतो. अठरा विसवे म्हणजे रुपयाला चौदा आणे आणि वर पाचेक पै. हिशेब करून बघा.

शंकेखोर
केला. चौदा आणे चार पूर्णांक आठ दशांश पै. मला मशीदबंदर पटतात, कारण भाषेत आधीपासून वजनमापं आणि नाणी हीच टक्केवारी होती. पण पेठेतल्यांच्या आजीशी भांडायची माझी तयारी नाही.

काळाकोट
उशिरा आलो. मी ज्या शब्दावर पोट भरतो त्याचं मूळ सांगतो. वांद्र्याला कुटुंब न्यायालयात रोज निदान पन्नासदा कानावर पडतो. घटस्फोट.

कधी विचार केलात, यात घट कुठून आला? लग्नात कुणी मडकं फोडत नाही, मोडतानाही नाही. हा शब्द मुळात नवरा-बायकोचा नाहीच. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या माणसाला, म्हणजे ज्याच्या हातून महापातक घडलं त्याला, नातेवाइकांनी वाळीत टाकायचा विधी होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. माणूस जिवंत असतानाच मेलेल्यासाठी करतात तसं करायचं. पाण्यानं भरलेला घडा दासीनं लाथेनं कलंडवायचा, नातलगांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद, बसणं बंद, वारसा बंद. तो घटस्फोट. पुढे मराठीनं तो शब्द उचलून काडीमोडाच्या जागी बसवला.

'काडीमोड' मात्र साधा, सरळ. गवताची काडी मोडली, संबंध संपला. कोर्टाची पायरी नाही, तारीख नाही, मी नाही.

आणि एक. त्याच अध्यायात पुढे असंही आहे की त्या माणसानं प्रायश्चित्त घेतलं तर नातेवाइकांनी त्याच्याबरोबर पवित्र पाण्यात अंघोळ करायची आणि नवाकोरा भरलेला घडा पाण्यात सोडायचा. परत घेतला त्याला. माझ्या अशिलांपैकी दोन जोडप्यांनी एकमेकांशीच पुन्हा लग्न केलं. त्यांना मी ही गोष्ट सांगितली, तर फी कमी करा म्हणाले.

दादरची_वैनी
काळाकोट, अंगावर काटा आला आणि शेवटी हसले. घटस्फोट हा शब्द आता पूर्वीसारखा नाही ऐकता येणार.

वेसावकर
गंभीर झाला धागा. मी बोंबील आणतो.

आमच्या बोंबलाला साहेबानं 'बॉम्बे डक' नाव ठेवलं. सगळे सांगतात, सुके बोंबील मेलगाडीनं जायचे, डब्याला वास यायचा, साहेब नाक धरून 'बॉम्बे डाक, बॉम्बे डाक' करायचा, डाकचं डक झालं. आमच्याकडे येणारे पाहुणे वलांडीवर उलटे टांगलेले बोंबील बघतात, फोटो काढतात आणि मलाच ही गोष्ट सांगतात. मी ऐकून घेतो.

गाडी बोरीबंदर-ठाणे कधी धावली? १६ एप्रिल १८५३. आणि या माशाला बॉम्बे डक म्हणतात हे १८२९ च्या एका इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे. म्हणजे गाडी यायच्या चोवीस वर्षं आधी. मग वास कुठल्या डब्याला आला?

शंकेखोर
वेसावकर, तुमच्या पायाचा फोटो पाठवा. सकाळी चुकून लागला तरी नमस्कार घडेल.

वेसावकर
पाय नको, पापलेट पाठवतो.

खोतवाडी
संक्रांत गेली, मेलगाडी गेली. आता 'डबा ऐसपैस' तरी ठेवा. तो 'आय स्पाय'वरून आला हे माझं मी शोधलंय, मास्तरांनी सांगितलेलं नाही.

कसारा_लोकल
तो ठेवतो, खोतवाडी. आमच्या चाळीत कुणालाच 'आय स्पाय' ठाऊक नव्हतं. 'ऐसपैस' म्हणजे मोकळंढाकळं, हा शब्द घरात होताच, कानाला जवळचा तो ठेवला. डबा लाथेनं उडाला की सगळे जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे, तळमजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीत. राज्य ज्याच्यावर तो रडकुंडीला. आणि चप्पल तुटली की मूठ तोंडाजवळ नेऊन 'टाइमप्लीज'! ती मूठ तोंडाशी का, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. वरच्या इयत्तेतले करायचे म्हणून आम्ही केलं.

लिंबूटिंबू
आमच्या टॉवरमध्ये पार्किंगमध्ये खेळायला बंदी आहे. पण टाइमप्लीज अजून आहे. परवा भाचा मोबाइलवरच्या गेममध्ये मरायला आला तर मूठ तोंडाशी नेऊन ओरडला.

आजी_ऑनलाइन
'कानाला खडा' कुणीच घेतला नाही म्हणून मी. पंतोजींच्या शाळेत पोराच्या कानाच्या पाळीला बारीक खडा लावून वरून चिमटा काढायचे. डोळ्यांत टचकन पाणी. पुन्हा तसं करीन म्हणून नाव घेत नसे. माझ्या वडिलांनी सोसलं होतं. म्हातारपणीसुद्धा ते "आता कानाला खडा" म्हणाले की हात आपोआप उजव्या पाळीकडे जायचा.

मोडीवाला
आजी, शाळेवरून एक. 'ओनामा करणे' म्हणजे सुरुवात. हे 'ॐ नमः सिद्धम्'. मुलांच्या धुळाक्षरांचा पहिला धडा, ओ-ना-मा-सी-धं. भुलेश्वरच्या माझ्या जैन मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, हे तर आमचं. जैन परंपरेत सिद्धांना वंदन हेच. म्हणजे 'श्रीगणेशा' आणि 'ओनामा' ही दोन वेगळ्या घरांची दारं, आणि मराठीत दोन्हींतून आत गेलं की तोच वर्ग.

पेठेतला
आणि 'पोबारा'? सोंगट्यांच्या खेळातलं सगळ्यांत भारी दान. पौ म्हणजे एक, वर दोन सहा म्हणजे बारा. असं दान पडलं की सोंगटी सुसाट. म्हणून मराठीत चोर पोबारा करतो.

लिंबूटिंबू
रच्याकने, मी नवीन असताना दोन महिने 'रच्याकने' हा कुठला तरी तालुका समजत होतो. 'बाय द वे'चं 'रस्त्याच्या कडेने' करून वर त्याचंही लघुरूप! शंभर वर्षांनी याचं मूळ शोधणाऱ्याची कीव येते.

दादरची_वैनी
तो लिहील, 'रेल्वे येण्यापूर्वी मराठी लोक रस्त्याच्या कडेने बोलत असत.'

काळाकोट
पुन्हा हातवारे. आमच्या घरातला ताजा कलह. काकांनी साठीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण ग्रुपवर टाकलं. माझ्या मुलानं उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं. काकांचा फोन, "तुझा मुलगा मला ठेंगा दाखवतो?" पंधरा मिनिटं बाजू मांडली, केस हरलो.

मुलानं गूगल करून मला शिकवलं की रोमन लोक अंगठा खाली करून माणूस मारायचे. मग मीही जरा वाचलं. जुन्या लॅटिनमध्ये फक्त 'वळवलेला अंगठा' एवढंच आहे. अंगठा खाली म्हणजे मरण, हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसवलं ते जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रानं. काकांना हे सांगितलं नाही. ते रोमपर्यंत भांडत जातील.

शंकेखोर
तसंच दोन बोटांच्या 'व्ही'चं. इंग्रज तिरंदाजांची बोटं फ्रेंच कापायचे ही गोष्ट बनावट. विजयाचं 'व्ही' व्हिक्टर द लाव्हले या बेल्जियन माणसानं बीबीसीवरून सुचवलं, चर्चिलनं ते पुढे मिरवलं. तारीख १४ जानेवारी १९४१.

खोतवाडी
१४ जानेवारी! संक्रांत!

शंकेखोर
खोतवाडी, ती त्या वर्षी १३ च्या आसपास असेल. बसा खाली.

कसारा_लोकल
आणि हाय-फाइव्ह? अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये २ ऑक्टोबर १९७७ ला ग्लेन बर्क आणि डस्टी बेकर यांनी पहिल्यांदा केला असं सांगतात. लॉस एंजेलिसची टीम. आमच्या कट्ट्यावर 'दे टाळी' तेव्हा म्हातारी झाली होती. पेटंट घ्यायचं राहिलं.

मशीदबंदर
पेटंटचं काम काळाकोटांना द्या. दोन विसवे सूट मागा.

वेसावकर
मुंबईचा म्हणून एक. हिंदी सिनेमावाले 'वाट लग गई' म्हणतात ते आपलं. पण मराठीत 'वाटेला लावणे' म्हणजे निरोप देणे, रवाना करणे. माझी आई अजून म्हणते, "पोरीला सासरच्या वाटेला लावली." अमराठी मित्रानं हे ऐकलं आणि विचारलं, "एवढं वाईट स्थळ होतं?"

लिंबूटिंबू
हहपुवा! 'राडा'चं पण तसंच. आमच्या गावाकडे पाऊस पडला की अंगणात 'राडा' होतो, म्हणजे चिखल. इथे दोन गट भिडले की राडा. आणि महापालिकेच्या पाट्यांवर 'राडारोडा टाकू नये'. मी लहानपणी समजत होतो, पालिकेनं मारामारीला बंदी केलीय.

दादरची_वैनी
धागाकर्ते आहेत कुठे? प्रश्न टाकून पोबारा?

पोयबावडीकर
आहे, आहे. सगळं वाचतोय, आणि मोठ्यानं वाचून दाखवतोय. घटस्फोटाला आई गप्प झाली, बोंबलाला हसली, संक्रांतीच्या हिशेबावर "त्या माणसाला काही कामधंदा नाही का" म्हणाली. शंकेखोर, क्षमस्व.

आजी_ऑनलाइन यांनी सांगितलं म्हणून शेवटी तिलाच विचारलं. ती भाजी निवडत होती. मेथीची जुडी खाली ठेवून मला म्हणाली, "दोन्ही वेळेला मी काय केलं ते तू बघितलंस का?" मी म्हटलं, बोटं मोडलीस. "कुठे?"

आणि मग करून दाखवलं. पोरीवरून हात उतरवले की मुठी स्वतःच्या कानशिलावर येतात. तिच्यावरचं जे काही असेल ते आपल्यावर घेतलं आणि आपल्याच डोक्याशी मोडून टाकलं. जितकी बोटं वाजली तितकी दृष्ट होती. रागाच्या वेळी हात कानशिलाला लागतच नाहीत. समोर, हवेत, त्या माणसाच्या दिशेनं मोडायची. "हे घ्यायचं, ते पाठवायचं. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कंप्युटरवर विचारावी लागते?"

चाळीस वर्षं बघतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

आजी_ऑनलाइन
मी म्हटलं नव्हतं? माझी आई मुठी कानशिलावर नेताना डोळे मिटायची, बघ तुझी मिटते का.

शंकेखोर
पोयबावडीकर, आईंना नमस्कार सांगा. पटलं. कामधंदा आहे हेही सांगा.

पोयबावडीकर
सांगितलं. डोळे मिटते. मग म्हणाली, या सगळ्यांनी एवढं लिहिलंय, नजर लागेल त्यांना. माझा मोबाइल समोर धरायला लावला, स्क्रीनवरून दोन्ही हात खाली आणले आणि कानशिलावर मोडली. सात वाजली. तुमच्यापैकी कुणाची किती ते आपसांत वाटून घ्या.

मशीदबंदर
माझी एक लिहून ठेवा, खात्यावर.

वेसावकर
आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचं काय?

पोयबावडीकर
आत्ता सहा वाजले. मोटर लागलीय. आई गॅलरीत गेलीय. लेक मागे उभी राहून हात कुठे जातात ते बघतेय.